तुम्ही विचारलंत म्हणून: देवाला सगळं ठाऊक आहे, मग प्रार्थना कशाला?

हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला गेलाय, सोसायटीच्या हळदीकुंकवात विचारला गेलाय, आणि चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या वर्गात (मोठ्या होणाऱ्या पोरांना विश्वासाची शिकवण देतात तो) तर दर वर्षी एखादं पोरगं विचारतंच. तुमच्या देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक, सगळं त्याच्याच हातात, मग गुडघे टेकून मागता कशाला? व्हायचं ते होणारच ना?

हळदीकुंकवाच्या बायका प्रश्नासोबत उत्तरही देऊन टाकतात. "म्हणजे आमच्यासारखंच की हो बाई. आमच्याकडे सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते, तुमच्याकडे देव लिहितो." त्या आपुलकीनं म्हणतात, मीही हसून वाण घेते. आणि आमच्या ख्रिस्ती घरांतून तरी वेगळं काय ऐकू येतं? "कपाळात होतं ते चुकलं नाही" हे मी पाळकांच्या आईच्या तोंडूनही ऐकलंय. पण सटवाई एकदा लिहून गेली की गेली. तिच्याशी नंतर कुणी हुज्जत घालत नाही. बायबलातली माणसं मात्र देवाशी सतत हुज्जत घालतात. सदोम नगर वाचावं म्हणून अब्राहाम कसा भाव करतो बघा. पन्नास नीतिमान सापडले तर? बरं, पंचेचाळीस? चाळीस? असं करत करत, बाजारात मेथीच्या जुडीचा भाव पाडावा तसा तो दहावर येतो. आणि देव प्रत्येक वेळी हो म्हणतो. सगळं आधीच लिहून मोकळा झालेला असता, तर हे ऐकत तो उभा कशाला राहिला असता?

प्रश्नाचा पहिला भाग तसा सोपा आहे. ठाऊक असणं वेगळं, करायला लावणं वेगळं. जुना ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतो, झालेली गोष्ट तुला आठवते म्हणून ती तुझ्या आठवणीमुळे घडली असं होत नाही. तसंच देवाच्या आधी जाणण्यामुळे पुढची गोष्ट घडत नाही. त्याच्यानंतर साधारण शंभर वर्षांनी बोएथियसनं हे जास्त नीट मांडलं. हा रोममधला मोठा अधिकारी. राजा थिओडोरिकनं त्याला राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत टाकलं आणि 524 च्या सुमारास ठार मारलं. मरणाची वाट बघत बसलेल्या या माणसानं शेवटच्या लिखाणात नेमका हाच प्रश्न घेतला. त्याचं उदाहरण मला फार आवडतं. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बघताय: जमिनीवर एक माणूस चालतोय आणि आकाशात सूर्य उगवतोय. दोन्ही तुम्हाला सारख्याच स्पष्ट दिसतात. तरी सूर्याला उगवण्यावाचून गत्यंतर नाही आणि माणूस आपल्या मर्जीनं चालतोय, हे तुम्हाला कळतं. तुमच्या बघण्यानं त्याचे पाय हलले नाहीत. बोएथियसच्या मते देव काळाच्या बाहेर आहे. आपल्याला जे काल, आज, उद्या वाटतं ते त्याच्यासमोर सगळं एकदमच आहे. म्हणजे तो आधी जाणतो असं म्हणणंही जरा चुकीचंच. तो फक्त बघतो.

स्टाफरूमसाठी एवढं पुरतं. कन्फर्मेशनच्या वर्गात पुरत नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं ती, लगेच म्हणतात, "मॅडम, पण तो नुसता बघणारा नाही ना. तो राजा आहे. दिसत होतं तर थांबवलं का नाही?" खरी अडचण इथे आहे. प्रश्न ज्ञानाचा असता तर ऑगस्टीननं तो केव्हाच मिटवला असता. सत्तेचा आहे म्हणून दीड हजार वर्षं माणसं त्यावरून भांडतायत.

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक, जिनिव्हाचा कॅल्विन, यानं सरळ सांगून टाकलं की देव नुसती परवानगी देत नाही, तो ठरवतो. त्याच्या अनुयायांनी 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट गावी सभा भरवून, देवाची कृपा नाकारायला माणूस मोकळा आहे म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या शिष्यांना बाहेर काढलं. आर्मिनियस स्वतः 1609 मध्येच वारला होता. पुढे इंग्लंडात मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली यानं 1739 साली कॅल्विनच्या मताविरुद्ध असा काही उपदेश केला की ते मत मानणारा त्याचा जवळचा मित्र व्हाइटफील्ड दुखावला. कॅथलिकांकडे तेच भांडण जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांत लागलं होतं. स्पेनच्या लुईस दे मोलिना या जेझुइटानं 1588 मध्ये म्हटलं की कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत आपल्या मर्जीनं काय करेल, हेही देवाला ठाऊक असतं, आणि ते धरूनच तो जगाचा कारभार चालवतो. डॉमिनिकन म्हणाले, यानं देवाची सत्ता माणसाच्या मर्जीला टांगली. जेझुइट म्हणाले, तुम्ही कॅल्विनच झालात. प्रकरण रोमला गेलं, वर्षानुवर्षं चर्चा चालली, आणि 1607 मध्ये पोप पाचवा पौल यानं निकाल काय दिला? निकाल दिलाच नाही. दोघांनी आपापलं मत ठेवावं, फक्त एकमेकांना पाखंडी म्हणू नये. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे हे भांडण मिशनऱ्यांच्या पेट्यांतून आलं. नगरची अमेरिकन मराठी मिशन आणि मुंबईची स्कॉटिश मिशन, दोन्ही कॅल्विनच्या घराण्यातल्या. मेथडिस्ट वेस्लीचे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा कॅल्विनचे वारस आणि वेस्लीचे काही वारस एका छपराखाली आले. आज रविवारच्या उपासनेत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना आपण त्यातल्या कोण, हे माहीत नाही. त्यांचं काही अडलेलंही नाही.

मोलिनाच्या बाजूनं नेहमी पुढे केली जाणारी एक गोष्ट मी वर्गात हटकून वाचायला देते: शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय. कईला गावाच्या खळ्यांवर पलिष्टी हे शत्रू धाड घालून धान्य लुटतायत. दावीद आपली माणसं घेऊन जातो आणि गाव वाचवतो. मग कळतं की शौल राजा त्याला तिथेच कोंडायच्या बेतात आहे. दावीद याजकाकडून एफोद (देवाचा कौल घ्यायचं याजकी वस्त्र) मागवून देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. मग ज्यांना मी आत्ताच वाचवलं ते गावकरी मला त्याच्या हवाली करतील का? करतील. दावीद आपल्या सहाशेक माणसांसह गाव सोडतो. ते ऐकून शौल येतच नाही. गावकऱ्यांना कुणाला हवाली करायची वेळच येत नाही.

देवानं सांगितलेलं घडलं नाही, आणि तरीही देव खोटा ठरला नाही. दावीद तिथेच थांबला असता तर काय झालं असतं, ते त्यानं सांगितलं होतं. देवाच्या जाणण्याचा दावीदनं उपयोग काय केला? चपला घातल्या. "आता लिहिलेलंच आहे" म्हणून तो खळ्यावर बसून राहिला नाही. कॅनडाच्या क्लार्क पिनॉकसारख्या काही अलीकडच्या पंडितांनी अशा गोष्टींवरून म्हटलं की माणसं पुढे मोकळेपणानं काय करतील ते अजून ठरलेलंच नाही, तेव्हा देवालाही ते ठाम ठाऊक नाही. मला हे पटत नाही. एवढं कापलं तर स्तोत्र 139 चं काय करायचं? शब्द माझ्या जिभेवर येण्याआधीच देव तो जाणतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो, आणि तेही घाबरून नव्हे, आश्चर्यानं.

आता प्रार्थनेचं. माझं उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाची रात्र. येशू आपल्या पेत्र या शिष्याला सांगतो, आज कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. यापेक्षा नेमकं भाकीत काय असणार? पण त्याच्या जरा आधी तो पेत्राला म्हणालेला असतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना सावर. पेत्र पडणार हे ठाऊक, उठणार हेही ठाऊक, आणि तरी ज्याला ठाऊक तोच प्रार्थना करतोय! पुढे त्याच रात्री बागेत हा प्याला टळावा म्हणून मागतो. तो टळणार नाही हे त्यानं शिष्यांना आधी अनेकदा सांगून झालेलं. मेलेल्या लाजराच्या कबरेशीही तसंच. त्याला उठवायलाच निघाला होता, तरी लाजराच्या बहिणीला, मरियेला, रडताना बघून स्वतः रडला. जाणणं आणि मागणं, जाणणं आणि रडणं यांत आपल्याला जी भिंत दिसते, ती त्याला कधी दिसलेली नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर तो म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक असते, आणि लगेच पुढच्याच वाक्यात म्हणतो, म्हणून अशी प्रार्थना करा. आपण म्हटलं असतं, म्हणून गप्प बसा.

येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याचं काय, असं पोरं विचारतात. त्याच रात्री त्याच्याबद्दलही सांगितलं गेलं होतं. लूकमध्ये येशू म्हणतो की ठरल्याप्रमाणे मनुष्याचा पुत्र जातो, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची हळहळ. दोन्ही एका वाक्यात; एकानं दुसरं पुसलं जात नाही. यापुढे मी वर्गात फार काही बोलत नाही.

जिथे मला खरोखर राग येतो ती जागा वेगळी आहे. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा हायवेवर अपघातात गेला. दारू प्यालेल्या ट्रकवाल्यानं मागून उडवलं. घरात माणसं बसलेली, आणि प्रत्येक येणारा म्हणत होता, "देवाची इच्छा", "प्रभूची योजना असते हो". बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग तो ट्रकवाला काय देवाच्या नोकरीत होता?" कुणाला काही सुचलं नाही. एकानं गाणं सुरू केलं.

पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला पेत्र म्हणाला होता की येशू देवाच्या ठाम संकल्पानं धरून दिला गेला, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलंत. हे त्यानं कुणाला सुनावलं? मारणाऱ्यांना. क्रुसाजवळ उभ्या असलेल्या त्याच्या आईला, मरियेला, सांत्वन म्हणून कुणी ते ऐकवलं नाही. तुम्ही माझं वाईट योजलंत पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं, हे भावांनी खड्ड्यात टाकून विकलेला योसेफ स्वतः म्हणाला, तेही कित्येक वर्षांनी, विकणाऱ्या भावांसमोर. खड्ड्यात पडलेला असताना वरून वाकून त्याला कुणी हे सांगितलं असतं, तर तो भावांच्याच टोळीतला ठरला असता. पंडिता रमाबाईंची मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं काम जिच्या हाती सोपवायचं ती आधी गेली आणि रमाबाई पुढच्या एप्रिलात. त्यावर "योजना" हा शब्द वापरायचा हक्क असलाच तर रमाबाईंना. मला नाही, तुम्हालाही नाही.

म्हणजे देव राजा नाही, असं मी म्हणतेय का? नाही. पण त्याचा कारभार आपल्याला वाटतो तसा सरळ रेषेत चालत नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातलं हिज्कीया राजाचं बघा. संदेष्टा यशया येऊन सांगतो, घराची निरवानिरव कर, तू मरणार. राजा भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडतो आणि प्रार्थना करतो. यशया अजून वाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडलेला नसतो, तोच देव त्याला माघारी पाठवतो: सांग त्याला, पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि वर यशया गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. देवानं वचन दिलं, तरी लेप हवाच.

प्रार्थना ऐकली गेली, इथपर्यंत सगळे आनंदानं सांगतात. मी गणिताची शिक्षिका, म्हणून पुढचा आकडाही बघते. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे गादीवर आला तेव्हा बारा वर्षांचा होता, असं पुढच्याच अध्यायात आहे. म्हणजे तो वाढवून मिळालेल्या त्या पंधरा वर्षांतच जन्मला. यानं पंचावन्न वर्षं राज्य केलं, आपल्या पोराला अग्नीत होमलं, यरुशलेम निरपराध्यांच्या रक्तानं भरून टाकलं. यहूदा राज्याच्या गादीवर याच्याइतका वाईट राजा झाला नाही. मग ती प्रार्थना देवानं ऐकायला नको होती का? एका मुलीनं वर्गात हेच विचारलं. मी तिला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढायला लावला. सगळे कंटाळून सोडून देतात ती वंशावळ. बोट ठेवत ठेवत ती दहाव्या ओवीपर्यंत आली. हिज्कीयाला मनश्शे झाला, मनश्शेला आमोन, आमोनाला योशीया. आणि यादी संपते येशूवर.