लाल स्टिकर

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी केमिस्ट आहे. आमच्याकडे साबण, हँडवॉश आणि लोशन बनतं. ग्लिसरीन या सगळ्यांत पडतं. ते पाणी ओढून कातडीवर धरून ठेवतं, म्हणून अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं वाटत नाही.

डिसेंबरात नेहमीच्या व्यापाऱ्याचा २५० किलोचा ड्रम आला. लेबलवर ९९.५ टक्के, आयपी ग्रेड, म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या (इंडियन फार्माकोपिया) दर्जाचं. आमच्या स्टोअरच्या काकांची वर्षानुवर्षांची एकच परीक्षा: बूच काढायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं. "ग्वाड हाय मॅडम, करा सही." माणूस सोन्यासारखा, पण हे बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायनसुद्धा गोडच लागतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच मिसळलेलं ग्लिसरीन पोटात गेलं आणि १४ रुग्ण दगावले.

जारमध्ये हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती काचनळी, सोडला. ग्लिसरीनमध्ये तो पटकन स्थिरावत नाही. बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं, दांडी जारच्या कडेला टेकू द्यायची नाही. १.२६ यायला हवं होतं, आलं १.२२.

व्यापारी फोनवर म्हणाला, "थंडी आहे मॅडम, रीडिंग कमीच येणार." थंडीत द्रव दाट होतो, रीडिंग वाढतं! मग म्हणाला, बूच सैल राहिलं असेल, हवेतलं पाणी ओढलं असेल. म्हणून लांब काचनळीनं ड्रमच्या तळातून नमुना काढला. वरून ओलावा शिरला असता तर तळाशी तरी दाट लागलं असतं. तिथंही १.२२. म्हणजे कुणीतरी पाणी घालून नीट ढवळलं होतं.

पण पाणीच कशावरून? नुसत्या घनतेवरून ते कळत नाही. माझा मामेभाऊ साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. गळीत हंगाम जोरात होता, तरी रात्रपाळीत त्यानं रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून दिला; द्रवातून जाताना प्रकाश किती वळतो, ते हे यंत्र मोजतं. ब्रिक्स, म्हणजे साखरेसाठी आखलेल्या त्याच्या मापपट्टीवरचा आकडा, ६४. शुद्ध ग्लिसरीन ७३ च्या आसपास दाखवतं. डायइथिलीन मिसळून घनता १.२२ वर आणली असती, तर आकडा ७० च्या जवळ आला असता. ६४ म्हणजे साधारण १५ टक्के पाणी, २५० किलोंत ३७ किलो. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणीलाही नमुना पाठवला. डायइथिलीन ०.१ टक्क्याच्या मर्यादेत निघालं, तेव्हा कुठं मला झोप लागली.

मालकांचं म्हणणं, "साबण कोण पितंय? दर कमी करून घेऊ." मी हट्टानं ड्रम नाकारला. त्या रात्री व्यापाऱ्याच्या आधीच्या लॉटच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या बाटल्या काढून घनता मोजली. दोन १.२६ भरल्या. तिसरी १.२४. त्या लॉटवर सही माझी होती. घाईच्या दिवशी सर्टिफिकेट बघून केलेली. त्यातलं लोशन केव्हाच विकलं गेलंय.

अन्न व औषध प्रशासनाला कळवू या म्हटलं, तर मालक म्हणाले, "माल परत दिला ना? विषय संपला." मी तक्रार लिहिली, पण पाठवली नाही. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

ड्रमवर 'नाकारलेला माल' असा लाल स्टिकर मी स्वतः चिकटवला होता. टेम्पो गेटवर पावतीसाठी थांबला, तेव्हा ड्रायव्हर मागं चढला आणि नखानं तो स्टिकर खरवडू लागला. आयपी ग्रेडचं लेबल त्यानं तसंच ठेवलं.