"सीने में दर्द" एवढंच सांगत होतो

मागच्या वर्षी चार महिन्यांत माझे तीन ईसीजी झाले, तिन्ही नॉर्मल, रिपोर्ट बघून घरचे खूश आणि मी अजून टेन्शनमध्ये, कारण मग हे होतंय तरी काय? पहिल्यांदा झालं ते इथे इंदूरला, राजवाड्याजवळ, ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर. एकदम धडधड, श्वास पुरेना, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, वाटलं संपलं आता. कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणाले "क्या तकलीफ है", मी म्हटलं "सीने में दर्द". खरं तर दुखत नव्हतंच, आवळल्यासारखं होत होतं. पण आम्हा इंदूरच्या मराठी लोकांची ही वेगळीच पंचाईत, घरी "जीव घाबरा होतो" म्हणतो, त्याचं हिंदीत "घबराहट" केलं की समोरचा लगेच पोटातल्या गॅसवर येतो, सकाळी पोहे-जलेबी खाल्ली होती का (खाल्ली होती!). म्हणून दर्दच सांगायचो. आणि मरायची भीती वाटली हे तर कुणालाच सांगितलं नाही, लाज वाटायची.

थायरॉइड, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं झालं, मग फिजिशियननीच सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. आई म्हणाली, "अरे, तुला काय वेड लागलंय का?" तिथल्या मॅडमनी वेगळंच विचारलं, किती मिनिटांत वाढतं, कधी उतरतं, त्या वेळी मनात काय येतं, आणि यामुळे काय काय करणं सोडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, राजवाड्याचा रस्ताच सोडलाय मी, रोज लांबून जातो! म्हणाल्या, हा पॅनिक डिसऑर्डर आहे, म्हणजे अचानक येणारे भीतीचे अटॅक, तुम्ही खोटं बोलत नव्हता, धडधड खरीच, मुंग्याही खऱ्या, घाईघाईने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून येतात.

गोळी सुरू झाली, पहिले काही दिवस उलट जास्तच अस्वस्थ वाटलं, फरक कळायला महिना तरी गेला. थेरपीत खुर्चीवर गरगर फिरवायचे, मुद्दाम चक्कर यावी आणि तिची भीती मोडावी म्हणून, बायको दारात उभी राहून हसत होती. शिवाय डायरीत प्रत्येक अटॅकची वेळ लिहायची.

परवा रात्री सराफ्यात, आमच्या खाऊगल्लीत, अटॅक परत आला. लिहिलंय: ११:२० सुरू, ११:२६ ला सगळ्यात जास्त, ११:४० ला उतरला. तोवर हातातला भुट्ट्याचा कीस गार झाला होता, तसाच खाल्ला.