आयटी शेअर्समधला तोटा आणि ३१ जुलैची तारीख

२०२१ च्या दिवाळीत मी शेअर्समध्ये उतरलो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी नुकतीच मॅच्युअर झाली होती, ऑफिसात जो तो आयटीबद्दलच बोलत होता, मग चार मिडकॅप (मध्यम आकाराच्या) आयटी कंपन्या आणि एक नवी इंटरनेट कंपनी घेतली. जानेवारीनंतर घसरण लागली, मार्चपासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, व्याजदर वाढवायला घेतले, २०२२ मध्ये आयटी शेअर्सचा निर्देशांक निफ्टी आयटी २६ टक्क्यांच्या आसपास खाली आला आणि मी प्रत्येक पडझडीत ॲव्हरेज करत, म्हणजे खालच्या भावात आणखी घेत राहिलो. एकूण ४,६२,००० अडकले.

तोट्यापेक्षा लपवणं जास्त जड गेलं. हिने जेवताना सहज विचारलं, एफडी परत ठेवलीस ना, मी हो म्हणालो आणि पुढचा घास उतरेना. डिसेंबरात एका रात्री सगळं सांगून टाकलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसली, पाचही नावं लिहिली आणि म्हणाली, आज हातात रोख असते तर यातलं कुठलं घेतलं असतंस? मला एकही सांगता येईना.

मार्च २०२३ मध्ये विकले. टीपिन (विक्रीला मंजुरी देणारा पिन) टाकताना हात थरथरत होता. २,७०,००० आले, म्हणजे १,९२,००० चा तोटा.

इन्कम टॅक्सचा रिटर्न मी नेहमीसारखा आयटीआर-१ भरणार होतो, अकाउंट्समधल्या मॅडमनी थांबवलं म्हणून बरं. त्यात शेअरचा तोटा दाखवताच येत नाही, आयटीआर-२ लागतो, आणि मुदतीत, म्हणजे त्या वर्षी ३१ जुलैच्या आत, भरला तरच तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो. ब्रोकरच्या ॲपवरून टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब, काढला. डीमॅटमध्ये आधी घेतलेले शेअर आधी विकले असं धरतात, त्यामुळे माझे जुने, वर्षाहून जास्त ठेवलेले लॉट लाँग टर्म आणि ॲव्हरेज केलेले बरेचसे शॉर्ट टर्म निघाले: १,२८,००० आणि ६४,०००. शॉर्ट टर्म तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्म फक्त लाँग टर्म नफ्यातून. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

२०२४-२५ मध्ये ४१,००० चा शॉर्ट टर्म नफा झाला, तो सगळा जुन्या तोट्यात वळता झाला, त्यावर टॅक्स शून्य. शॉर्ट टर्म तोट्यातले २३,००० अजून शिल्लक आहेत. नवी एफडी हिच्या नावावर आहे.