जुना डबा, नोंद ५ : अदलाबदलीचा रविवार आणि मामाचं लॉक

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मामाच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातला डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर (आय५-४५७०, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम) नवीन एसएसडी डिस्कवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून उठवला, जुन्या हार्डडिस्कवर विंडोज १० तसंच ठेवलं आणि आता सगळं मस्त चाललंय. तर ते मस्त दीड दिवसाच्या गणपतीएवढंच टिकलं. तिसऱ्या दिवशी मामाचा फोन, "अरे तुझ्या त्या लिनक्सनं घड्याळ खाल्लं की रे."

झालं असं की मिंट वापरून मग विंडोज चालू केलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागं. सकाळी अकराला पावती काढली तर पावतीवर पहाटेचे साडेपाच. मामानं आपल्या बुद्धीनं बोर्डावरचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदलला, फरक पडेना म्हणून परत बदलला, आणि मग मला फोन. साडेपाच हा आकडा ऐकला तेव्हाच माझी ट्यूब पेटली. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं, विंडोज समजतं की बोर्डावर लिहिलीय तीच इथली वेळ. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मधे चुकीचे आपण, कारण आपण दोघांना एका घरात ठेवलं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ह्या कमांडला सांगितलं की बाबा बोर्डावर लोकल वेळच ठेव, एक ओळीचं काम, संपलं. ते तसं करू नये म्हणून तिथंच एक लांबलचक इशारा पण येतो, तो वाचला आणि सोडून दिला. सेलचे पैसे मामानं माझ्या नावावर मांडलेत.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं रविवारी गच्चीत चहा असतो आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तिथं दुसरा विषयच नाही. तीन पार्ट्या आहेत. मावसभाऊ अकाउंटवाला, पक्का विंडोज. दाजी पुण्यात आयटीत, ॲपलचा एम१ चिपवाला मॅकबुक एअर, तो लॅपटॉप मांडीवर असा घेऊन बसतात जसं काही बारशाचं बाळ. आणि आमचा पक्या, आर्च लिनक्स (लिनक्सचाच एक प्रकार), हे त्यानं तुम्हाला भेटल्यावर पाच मिनिटांत सांगितलेलं असतंच.

भांडणाची कॅसेट ठरलेली. पक्या म्हणणार जगातले टॉपचे ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, २०१७ पासून एकही दुसरा नाही. खरंय. मावसभाऊ म्हणणार तुझ्या सुपरकॉम्प्युटरवर टॅली चालतं का. हेही खरंच, टॅली विंडोजचंच आहे. मग दाजी शांतपणे म्हणणार की मॅकओएस हे सर्टिफाइड युनिक्स (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) आहे, २००७ च्या लेपर्डपासून, तुमचं लिनक्स युनिक्ससारखं आहे, आमचं युनिक्स आहे. यावर पक्या चहा ठेवून उभा राहतो. आणि त्या सर्टिफाइड युनिक्सवर दाजी करतात काय तर मॅच बघतात आणि ऑफिसच्या मीटिंगा.

मी बरेच रविवार ऐकलं. मग लक्षात आलं की हे तिघंही जे बोलतात त्यातलं निम्मं त्यांनी हातानं कधी केलेलंच नाही. पक्यानं शेवटचं विंडोज वापरलं ते एमएस-सीआयटीच्या क्लासात. दाजींना लिनक्स म्हणजे अजून काळी स्क्रीन वाटते. म्हणून मी एक टूम काढली, एका रविवारी सगळ्यांनी मशीन बदलायची आणि आपलं रोजचंच काम दुसऱ्याच्या मशीनवर एक तास करायचं. बडबड नाही, गूगल चालेल, आणि जिथं हात अडला तिथं मी वहीत रेघ मारणार. आईनं पोहे करायचं कबूल केलं म्हणून तिघं तयार झाले, तत्त्वासाठी कोण येतंय.

पक्या मॅकवर बसला. पहिल्या दहा मिनिटांत सात रेघा. कंट्रोल-सी दाबतोय आणि काही कॉपी होत नाही, कारण तिथं कमांडचं बटण, आणि ते अंगठ्याजवळ, याची करंगळी आपली कोपऱ्यात जातीय. फाइल कट करून दुसरीकडं टाकायची तर फाइंडरमध्ये (मॅकवर फाइली बघायची खिडकी) कट बटणच मरून पडलेलं दिसतं. तिथं आधी कॉपी करायचं आणि पेस्ट करताना ऑप्शन पण दाबायचं म्हणजे फाइल हलते. हे दाजींना सांगता आलं नाही, चार वर्षं ते माउसनं ओढून टाकतायत. मग पक्यानं टर्मिनल उघडलं आणि चेहरा फुलला, झेडशेल (कमांड टाइप करायची जागा) आहे, सगळं ओळखीचं, आता बघा म्हणाला. आणि स्वतःची एक स्क्रिप्ट चालवली तर फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडनं तोंडावर एरर फेकली. मॅकचं सेड बीएसडी (युनिक्सची एक शाखा) घराण्यातलं, त्याला फाइल जागच्या जागी बदलायची असेल तर बॅकअपच्या फाइलच्या नावाला शेपूट काय लावू ते सांगावंच लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण द्यायचं. लिनक्सवरच्या जीएनयू सेडला त्याची गरज नाही. पक्या पंधरा मिनिटं त्यात. दाजी पोहे खात म्हणाले, "सर्टिफाइड आहे ना, नियम पाळावे लागतात."

दाजी विंडोजवर फार अडले नाहीत, ऑफिसात कधीतरी वापरावं लागतंच. तीन रेघा, त्यातल्या दोन खिडकी बंद करायला डावीकडं गेल्याच्या. बोअर झालं ते.

मावसभाऊ माझ्या मिंटवर. मला वाटलेलं हा पाच मिनिटांत उठणार. त्यानं लिब्रे ऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) आपली शीट उघडली आणि सगळ्यात आधी काय बघितलं तर स्वल्पविराम. साहेबांना आकडा १२,३४,५६७ असाच दिसला पाहिजे, १,२३४,५६७ दिसला की म्हणे वाचताच येत नाही, मिलियनमध्ये आपला कोण हिशेब करतो. एक्सेलमध्ये तो विंडोजच्या रिजनच्या सेटिंगवरून येतो त्यामुळं त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. इथं मी सेलच्या फॉरमॅटमध्येच लाखाचे आणि हजाराचे दोन्ही स्वल्पविराम घालून दाखवले आणि गडी एकदम खूश, "हे फॉरमॅट फाइलबरोबर जाईल का रे?" जातं. फक्त तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली की पुन्हा तिथल्या रिजनची मर्जी, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर रिटर्नवर सही करायचं यूएसबी टोकन त्यानं खिशातून काढलं आणि माझी चाळीस मिनिटं त्याच्या ड्रायव्हरमध्ये गेली. लागला शेवटी, पण एका तासाच्या नियमात बसत नाही म्हणून वहीत मोठी फुल्लीची खूण. एकूण पाच रेघा आणि एक फुल्ली, पक्याहून कमी. हे पक्याला अजून पचलेलं नाही.

माझी स्वतःची परीक्षा वेगळी होती, मला मराठी टाइप करायचं असतं. मी इन्स्क्रिप्टवाला (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड), त्यामुळं तिन्ही ठिकाणी बोटं सारखीच, हे सुख कुणी बोलत नाही. दुसऱ्या लिहायचं तर ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. शिफ्ट-जे वर जो ऱ बसलाय तो आपल्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र साठी कामाला येतो. खरी गंमत पुढं आहे. हाच अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक ऱ ला हलंत लावून, आणि दुसरा साध्या र ला हलंत आणि मागं एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर लावून. डोळ्याला दोन्ही सेम. पण मशीनला दोन वेगळे शब्द. मी मामाच्या ग्राहकानं मोबाईलवरून पाठवलेला मजकूर घेतला, त्यात "दुसऱ्या" शोधलं, शून्य सापडले, आणि स्क्रीनवर माझ्यासमोर चार दिसतायत. ॲ चं पण तेच, एक अख्खा ॲ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) २००८ ला आला, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र ठेवून लिहितात, शोध दोन्हीला एक मानत नाही. हे विंडोजवर पण तसंच, मॅकवर पण, मिंटवर पण. इथं भांडायला जागा नाही, तिघंही सारखेच नापास.

मिंट एका ठिकाणी मात्र मला आवडून गेलं. लिब्रे ऑफिसमध्ये नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट लावला, ल दिसला तो हिंदीतला, उजवीकडं उभा दंड असलेला. मग अक्षरांच्या सेटिंगमध्ये सीटीएलची (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा हिंदी होती ती मराठी केली आणि त्याच फॉन्टमधला, त्याच फाइलमधला प्रत्येक ल बघता बघता पाकळीवाला झाला, श ला देठ आला. फॉन्टच्या पोटातच दोन्ही रूपं असतात, भाषा सांगितली की आपलं रूप बाहेर येतं. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच तर सांगितलंय. मामाला दाखवलं. मामा पंचवीस वर्षं लग्नपत्रिका लावतोय, त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "मग आधी कुठं होता हा?" लिनक्सवर पूर्वी लोहित म्हणून जो फॉन्ट असायचा, रेड हॅटचा, त्यात हिंदी लोहित आणि मराठी लोहित वेगवेगळे होते ते ह्याच ल-श च्या भानगडीपायी. (लोहित म्हणजे लाल, टोपीवरून नाव ठेवलंय, मला हे कळल्यावर उगीच आनंद झाला.)

पण मामाचा प्रश्न ल चा नव्हताच. मामाच्या जुन्या पत्रिका सगळ्या पेजमेकर ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले. त्या फॉन्टांत अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असतात, फॉन्ट काढला की "श्रीकृपेकरून" च्या जागी नुसता किडा-मुंगी कचरा. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली तर दिसायला दिसतं, पण टाइप कसं करणार, टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं आणि ते चालतं कधी तर मागं यूएसबीला लॉक लावलेलं असेल तेव्हा. डीटीपीवाल्यांना (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांना) लॉक म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी, पेनड्राइव्हएवढी एक डोंगल, ती काढली की सॉफ्टवेअर मुकं. हरवली तर मालक रडतो. मामानं ती सुतळीनं सीपीयूला बांधून ठेवलीय.

पक्या म्हणाला वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालव. तीन रात्री घातल्या. पेजमेकर उघडला, हा २००१ चा म्हातारा, चक्क उघडला, पण लॉक काही दिसेना. मग सरळ व्हर्च्युअल बॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, डब्यात डबा) घेतला, मामाच्या जुन्या मशीनचं विंडोज ७ होतं ते त्यात बसवलं, ३ जीबी रॅम दिली आणि त्याचं नेटवर्क कार्ड बंद करून टाकलं, जुनाट विंडोजला इंटरनेट दाखवायचंच नाही. तरी यूएसबीच्या यादीत लॉक नाही. प्रिंटर नाही, माउस नाही, यादी कोरी. दोन दिवस मी लॉकला शिव्या घातल्या, पोर्ट बदलले, सुतळी सोडली (मामा बाजूला उभा). आणि निघालं काय तर माझा युजर व्हीबॉक्सयूजर्स ह्या ग्रुपमध्येच घातला नव्हता. ते केल्याशिवाय डब्यातल्या विंडोजला बाहेरच्या यूएसबी दिसतच नाहीत. युजर ग्रुपमध्ये टाकला, लॉगआउट करून परत आत आलो, यादीत लॉक हजर, टिक केलं, आणि डोंगलवरचा बारका हिरवा दिवा लागला. मामा एवढंच म्हणाला, "लागला." प्रिंटरचा ड्रायव्हर पण मिंटवर रडका होता म्हणून प्रिंटरही तसाच डब्यात पाठवला.

पक्या म्हणतो ही चीटिंग आहे, हे लिनक्स नव्हेच, लिनक्सच्या पोटातलं विंडोज आहे. मावसभाऊ म्हणतो म्हणजे शेवटी विंडोजच लागलं ना. दाजी म्हणाले एम१ वर असला जुना इंटेलचा विंडोज व्हर्च्युअल बॉक्समध्ये एवढ्या सहज चाललाच नसता, प्रोसेसरच वेगळा, हे मात्र त्यांनी स्वतःहून कबूल केलं, त्या रविवारी दुसऱ्यांदा पोहे मिळाले त्याचा परिणाम असेल.

एक प्रयोग विंडोज ११ चा पण करून झाला. ह्या डब्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर चौथ्या पिढीचा, आणि मायक्रोसॉफ्टची यादी साधारण आठव्यापासून सुरू होते, म्हणजे कागदावर नापास. रूफस नावाच्या प्रोग्रामनं पेनड्राइव्ह बनवताना ती तपासणी काढून टाकता येते, तसं टाकलं, चाललं, ठीकठाक चाललं. पण दरवर्षीचा मोठा अपडेट असल्या मशीनला स्वतःहून येईल याचा भरवसा नाही, हातानं घालायचा. मामाकडं तो घालणार कोण, तर मीच. म्हणून पुसलं. काही न करता बसलेलं असताना ११ नं ८ पैकी ३ जीबीच्या आसपास खाल्ली, मिंट सव्वा जीबीत. डब्यात दुसरा डबा ठेवायचा म्हटल्यावर हा फरक मला महत्त्वाचा वाटला.

सध्याची स्थिती : दुकानातली मुलगी सकाळी मशीन लावते, विंडोज ७ ची खिडकी फुल स्क्रीन होते, ती पत्रिका लावते. तिला अजून माहीत नाही की खाली मिंट आहे. परवा संध्याकाळी तिनं आतलं विंडोज शटडाऊन केलं, मागं हिरवट वॉलपेपर दिसला आणि तिनं मामाला विचारलं की काका, हे कुठलं चित्र आलं. मामानं वर न बघता सांगितलं, "भाच्याचं आहे, राहू दे."

उरलेली कामं : विंडोज १० ची जुनी डिस्क काढायची की अजून सहा महिने ठेवायची ते ठरत नाही, त्या डब्यातल्या डब्याचा रोज रात्री बॅकअप लावायचाय, आणि सुतळी परत बांधायचीय, मामा रोज आठवण करतो.