रतनवाडी ते टोका : प्रवरेच्या काठाने तीन दिवस

घोटीहून आत वळलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि धुक्यात कळसूबाई अर्धीच दिसत होती. आम्ही दोघं, एक मोटारसायकल, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. बेत साधा होता : रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा गोदावरीला मिळेपर्यंत जमेल तितकं तिच्या काठाने जायचं. नदी जेमतेम 200 किलोमीटरची, जवळजवळ सगळी एकाच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली. पण वर आणि खाली पाहिलं तर दोन वेगळे मुलूख वाटतात.

पहिला मुक्काम रतनवाडी. शेंडीहून भंडारदरा धरणाच्या कडेकडेने रस्ता जातो. खड्डे आहेत, घाई करू नका. पेट्रोल घोटीलाच भरून घ्या. अमृतेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी बघायला सकाळची तिरपी उन्हं हवीत, तेव्हाच दगडातली नक्षी उठून दिसते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड बुडते.

पण आम्ही जास्त वेळ रमलो तो खळ्यावर. भाताची झोडणी चालली होती. वस्ती महादेव कोळ्यांची, आसपास ठाकरांचे पाडे. फळीवर पेंढी आपटली की दाणे उडायचे, आणि एक आजी सुपाने वारं देत पळींज, म्हणजे पोकळ दाणे, बाजूला करायच्या. कुठेकुठे खुरासणी (कारळ्याचं पीक) अजून पिवळी होती. जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं घुटं आणि ठेचा. मी विचारलं, "आजी, एवढं पाणी समोर आहे, उन्हाळ्यात बरं असंल?" आजी हसल्या. "समोर हाये, पर खाली हाये. हंडा चढवून आन मग सांग."

घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला 5,000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो अडवायला भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, साठा सुमारे 11 टीएमसी (अब्ज घनफूट). पाणी अडतं इथं आणि शेत भिजतं खाली. त्याच खालच्या नेवाशाला पाऊस 500 मिलीमीटरच्या आसपास. दऱ्याखोऱ्यातल्या पाड्यांना मात्र एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर रांग लावावी लागते. फोटोत जलाशय फार सुंदर येतो, एवढं लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी रंधा धबधबा. दिवाळीनंतर धार धरणातून सोडलेल्या पाण्यावर असते, तेव्हा आदल्या दिवशी गावात विचारून जा. पुढे राजूर. राजूरचे पेढे घेतल्याशिवाय गाडी काढू नये. कढईत मावा परतत असतानाच घ्या, रंग थोडा तपकिरी असतो, तोच खरा. हा अकोले तालुका राघोजी भांगरे यांचा. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या या महादेव कोळी बंडकऱ्याला 1848 मध्ये ठाण्याला फाशी दिलं. याच तालुक्यातलं कोंभाळणे हे पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचं गाव. त्यांची गावरान बियाण्यांची बँक बघायची तर आधी विचारून वेळ ठरवा. कोणाच्या तरी घरी जातो आहोत याचं भान हवं.

अकोल्याहून संगमनेर म्हणजे सपाटी सुरू. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा आणि उजवा कालवा फुटतो, आणि तिथून पुढे डोळ्यांना फक्त ऊस. संगमनेरजवळचं जोर्वे साधं गाव दिसतं, पण त्याच्या नावाने एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते : तांबडी, काळी नक्षी काढलेली, तोटीची भांडी. आज तिथे मातीत बघण्यासारखं फारसं नाही, मला तरी खापर ओळखता आलं नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादलाही तसंच. 1974 मध्ये तिथे ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. आज शेतात टेकाड आहे, एवढंच.

लोणीला, जिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, तिथे पोहोचेपर्यंत अंधार पडला. हीच आमची चूक. कारखाने सुरू झाले की उसाच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर उतरतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एक अगदी दहा हातांवर दिसली, ब्रेक दाबताना मागच्याचं हेल्मेट माझ्या पाठीत बसलं. साडेसहानंतर गाडी लावून टाका, मुक्काम मोठ्या गावात शोधा. कडेला ऊसतोड कामगारांच्या कोपी (पाचटाच्या झोपड्या) दिसतात. बहुतेक बीडकडची माणसं. पाणी त्यांच्याही गावात नसतं, म्हणून ती इथे.

नेवाशाला सकाळी लवकर जा. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये याच प्रवरेकाठी सांगितली गेली, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब तिथल्या मंदिरात आहे. आठच्या आधी वारकऱ्यांखेरीज कोणी नसतं आणि हरिपाठ नीट ऐकू येतो. मोहिनीराजाचं देऊळ गावात चालत जाण्याइतकं जवळ.

शेवट प्रवरासंगम-टोका. सिद्धेश्वराच्या घाटावर बसलो. जायकवाडीचा फुगवटा इथवर येतो, म्हणून नद्या दोन की एक ते कळत नाही, पक्षी मात्र भरपूर. परतीला नगर–संभाजीनगर रस्ता लागूनच आहे, एसटी मिळते. आजींनी दिलेला शेर-दीड शेर तांदूळ डिकीत होता. घरी शिजवला, वास आला तसा शेजारणींनी विचारलं, कुठला आहे म्हणून.