गोडलिंब सॅन होजेतच राहिला

ट्रकच्या केबिनमधली मधली सीट मी गोडलिंबासाठी राखून ठेवली होती. बाकीचे त्याला कढीपत्ता म्हणतात, आमच्या वरुडकडे गोडलिंबच. सॅन होजेच्या गॅलरीत लावलं तेव्हा वीतभर रोप होतं, सहा वर्षांत माझ्या खांद्याला लागलं. टेक्सासमधल्या ऑस्टिनला जायचं ठरल्यावर सोफा विकला, पलंग देऊन टाकला. पण झाड सोबत येणार यात मला शंकाच नव्हती.

सामान चढवायला आलेला मित्र कुंडी बघून थबकला. "हे कॅलिफोर्नियाबाहेर नेता येत नाही." मला खरंच वाटेना. रात्री खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसून कृषी खात्याचे नियम वाचले. संत्री, लिंबू आणि त्याच कुळातला कढीपत्ता, सगळ्यांवर बंदी. कारण सिट्रस सायला. कोवळ्या पालवीवर अंडी घालणारा हा एवढासा किडा संत्र्या-लिंबाची झाडं मारणारा ग्रीनिंग रोग पसरवतो आणि त्यावर औषध नाही. 2005 साली तो रोग फ्लोरिडात सापडला, 2012 साली लॉस एंजलिस काऊंटीत. टेक्सासलाही संत्र्याच्या बागा आहेत, तेही बाहेरची रोपं येऊ देत नाहीत.

नवरा म्हणाला, "चादरी गुंडाळून मागे ठेवू. कोण बघतंय?" खरं सांगते, मन डळमळलं. वरुडला फोन लावला. बाबांनी दोन वाक्यांत विषय संपवला. "नको नेऊ माय ते झाड. सायला गेला तं कोणाची तरी बाग गेली समज." संत्र्याच्या बागेत सायल्यापायी फवारण्या करकरून थकलेले बाबा मी लहानपणापासून पाहिलेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार?

कुंडी जागची हलवायचीही नव्हती. शेजारच्या तेलुगू आंटींना पाणी घालायला सांगितलं, नव्या भाडेकरूंसाठी चिठ्ठी ठेवली. निघताना हात पानांवरून फिरवला. तो वास मोहवेचं वाळवंट लागेपर्यंत बोटांना होता.

पुढचे चार दिवस म्हणजे नुसता आय-10 हायवे. वीस फुटी ट्रक, गॅलनला जेमतेम दहा मैल. भाड्याचं मात्र मनापासून वाईट वाटलं. कॅलिफोर्निया सोडणारे जास्त आणि येणारे कमी, म्हणून तोच ट्रक ऑस्टिनहून इकडे आणला असता तर कितीतरी स्वस्त पडला असता. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, ब्लाइथला कोलोरॅडो नदीपाशी, समोरून कॅलिफोर्नियात येणाऱ्या गाड्या थांबवून फळं-झाडं आहेत का विचारत होते. आमच्या बाजूला कोणीच विचारलं नाही. मधल्या सीटवर मिसळणाचा डबा होता. मी त्या रांगेकडे वळून वळून बघत राहिले. एल पासो आलं तेव्हा टेक्सासला पोचलो म्हणून हुश्श केलं, तर ऑस्टिन अजून पावणेसहाशे मैल!

ऑस्टिनला ट्रक परत करून आलो, तोच आंटींचा फोन. झाड उंच गेलंय, शेंडा खुडू का? बाबांना विचारलं. ते म्हणाले, खुडू दे, बाजूनं फुटवे येतील. आंटींना तसंच कळवलं. म्हटलं, खुडा, आणि पानं तुमच्या रसमला घाला. फक्त घराबाहेर कोणाला देऊ नका.