पद्मिनी, टप्पा ३ : खांद्याची रेघ आणि रंगाची निवड

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीची उजवी बाजू टू-के सर्फेसरवर (हार्डनर मिसळून मारायचा, रंगाखालचा पृष्ठभाग सपाट करणारा थर) आली आहे. ४ भाग सर्फेसर, १ भाग हार्डनर, १० टक्के थिनर, १.७ नोझलची गन. दोन कोट, मधे १० मिनिटं. वाळल्यावर काळ्या गाइड कोटची (घासताना खळगे दाखवणारा रंग) पातळ धूळ, लांब ब्लॉकवर (सपाट ठोकळ्यावर) ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६०० ओला.

आता प्रश्न रंगाचा. या गाडीच्या अंगावर खरी रेघ एकच: हेडलाइटच्या वरून निघून दारांच्या खांद्यावरून मागच्या छोट्या फिनपर्यंत (पंखासारख्या उंचवट्यापर्यंत) जाणारी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही, कारण काळा रंग उजेड पसरवत नाही. त्यात दिसतं ते फक्त प्रतिबिंब. गाडी चकचकीत असेल तर रेघेवर आकाशाची किनार उमटते, धूळ बसली की सगळं सपाट. दारांच्या फटी काळ्यात लपतात, पण पॉलिश केल्यावर पत्र्यातली लाट अन् लाट उघडी पडते.

पांढऱ्याचं उलटं. लाटा झाकल्या जातात, पण रेघेच्या वरची आणि खालची बाजू जवळपास सारखीच उजळ दिसते. फटी मात्र पेनाने आखल्यासारख्या.

सिल्व्हर मेटॅलिकमधे रेघ सगळ्यात धारदार दिसते. रंगातले अॅल्युमिनियमचे चपटे कण पत्र्याला समांतर बसतात. समोरून उजळ, तिरकं पाहिलं की गडद, त्यामुळे कोन जरासा बदलला तरी छटा बदलते. डिझायनर मातीच्या मॉडेलवर चंदेरी फिल्म चढवून रेघा तपासतात त्या याचसाठी. पण कोट ओला पडला की कण वेडेवाकडे बसून ढग दिसतात. दार काढून आडवं ठेवून मारलं आणि मडगार्ड गाडीवर उभं मारलं, तर एकाच डब्यातला रंगही जुळत नाही.

आमचा कौल मध्यम राखाडी-निळ्या सॉलिडला, म्हणजे चमकीचे कण नसलेल्या साध्या रंगाला. मधल्या छटेत उजेडाची कड आणि खालची सावली दोन्ही दिसतात, आणि मेटॅलिक या गाडीला तसंही उपरं वाटतं. नमुना सपाट पत्र्यावर मारून काही कळत नाही. भंगारातलं मडगार्ड घ्या, उभं ठेवा, सकाळच्या तिरप्या उन्हात आणि ट्यूबलाइटखाली पाहा. पत्रा सरळ आहे का हे तर रंगाआधीच कळतं: सर्फेसरवर वॅक्स रिमूव्हर ओला पुसायचा आणि तो उडण्याआत ट्यूबचं प्रतिबिंब बघायचं. प्रतिबिंब रेघेजवळ वळवळलं तर परत ब्लॉक.

रंग कुठलाही असो, रेघ बोथट झाली तर तो काही करू शकत नाही. सर्फेसरचा थर कड गोल करतो. म्हणून ६ मिमीची फाइन लाइन टेप रेघेला लावून खालची बाजू घासा, मग टेप रेघेच्या खालच्या बाजूला लावून वरची. शेवटी टेप काढून ६०० ने हाताने दोनच हलके फटके. पत्रा दिसला तर तेवढ्यावर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा थर).

बेस कोट (रंगाचा थर) आणि क्लिअर (त्यावरचा पारदर्शक थर) १.३ नोझलने, गन प्रत्येक बाजूला काटकोनात. वरूनच मारत गेलात तर रेघेखाली रंग पातळ राहतो. क्लिअर कडेवरून ओघळून तिथे पातळच राहतो, तेव्हा कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मशीनने घासताना रेघेवर मास्किंग टेप ठेवा आणि ती पट्टी शेवटी हाताने चमकवा. मशीनचा पॅड कडेवर क्षणभर थांबला तरी खालचा सर्फेसर दिसायला लागतो.